तार बांधलेली डिपस्टिक

कुणी इंजिन ऑइलची पातळी मोजायची डिपस्टिक पुसताना दिसला, की भिलाईतली ती तक्रार मला आजही आठवते. नोकरीत खून-दरोडे पुष्कळ हाताळले, पण स्वतःचीच लाज वाटावी असं प्रकरण हे एकच.

तक्रारदार होते सेक्टर १० मध्ये राहणारे, नागपूरकडचे, स्टील प्लांटमधले एक फोरमन. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी नव्या डिझेल कारवर ड्रायव्हर ठेवला होता. सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा ऑइल खुणेच्या बरंच वर चढलेलं निघालं आणि त्याला डिझेलचा वास येत होता. जुन्या गॅरेजवाल्याने निकाल देऊन टाकला: कुणीतरी इंजिनात डिझेल ओतलंय.

"आता थो सोडून जाऊन राहिला न साहेब," फोरमन म्हणाले. "जाता जाता खुन्नस काढली त्यानं."

ड्रायव्हर कॅम्प-१ वस्तीतला. त्याचे आजोबा विदर्भातून प्लांटच्या कामाला आलेले. त्याला एका शाळेच्या बसवर नोकरी लागत होती. फक्त पोलीस पडताळणी बाकी होती आणि तो अर्ज माझ्याच टेबलावर होता. नियमाप्रमाणे मी त्यावर 'तक्रारीची चौकशी सुरू' असा शेरा मारला आणि कागद पुढे पाठवला. सही करताना हात जराही अडखळला नाही.

दोन दिवसांनी आमच्या खबऱ्याने, एका पानवाल्याने, खबर आणली. हा माणूस मालकाची गाडी घेऊन एकटाच राजनांदगावच्या हायवेला दिसला होता. मी त्याला बोलावून विचारलं, "गाडी बाहेर नेली होती का?"

"नाई साहेब."

मी पानवाल्याचं नाव न घेता जागा आणि वेळ सांगितली. जो एकदा खोटं बोलला तो चोर, हे आम्हा पोलिसांचं ठरलेलं गणित. मी आवाज चढवला तेव्हा तो बोलता झाला.

"धुराच्या फिल्टरची बत्ती लागून राहिली होती. गाडी हायवेवर अर्धा तास लंबी चालवली का थो कचरा जळते. काकाजी गाडी बाहेर नेऊ देत नाईत, म्हनून लपवलं. पन मी डिझेल कावून टाकू? थ्याच गाडीवर माह्यं घर चालते."

मला ती थाप वाटली. पण कारणासकट सांगितलेली थाप तपासून पाहावी, एवढी अक्कल नोकरीने दिली होती. गॅरेजमध्ये दोन पंचांसमोर नवं ऑइल खुणेपर्यंत भरलं. आमचा हवालदार लाख आणि मेणबत्ती घेऊन सज्ज. इंजिनाच्या उष्णतेने ते सील वितळेल हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. गॅरेजवाला हसला तेव्हा कळलं. मग झाकण आणि डिपस्टिक तारेने बांधून शिशाचं सील मारलं. ड्रायव्हरला गाडीपासून दूर ठेवलं. फोरमन स्वतःच क्वार्टरपासून प्लांटच्या गेटपर्यंत गाडी नेऊ लागले. जेमतेम पाच-सात मिनिटांचा रस्ता, आणि तेवढ्यातही कुठे थांबले की इंजिन बंद. भट्टीवर उभा जन्म गेलेला माणूस. इंधन फुकट जळालेलं त्यांना सोसत नसे; ड्रायव्हरलाही त्यांचा हाच हुकूम होता.

तीन आठवड्यांनी पंचांसमोर तार कापली. सील शाबूत होतं. ऑइल मात्र बोटभर वर चढलं होतं आणि त्याला तोच वास होता. फोरमननी डिपस्टिक पुसून पुन्हा एकदा बुडवून पाहिली.

कंपनीच्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकने उलगडा केला. फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी गाडी आपणहून जास्तीचं डिझेल सोडते. इंजिन चांगलं तापून काही वेळ चालत राहिलं तर काजळी जळते. मध्येच बंद केलं तर काम अर्धवट राहतं आणि न जळलेलं डिझेल हळूहळू ऑइलमध्ये उतरतं. फोरमनची काटकसरच इंजिनात डिझेल ओतत होती. ड्रायव्हरने ठाण्यात हेच सांगितलं होतं, त्याच्या भाषेत.

तक्रार निकाली काढून मी नवा दाखला लिहिला: 'यांच्याविरुद्ध काहीही आढळले नाही.' तो घेऊन स्वतः शाळेत गेलो. बसवर दुसरा ड्रायव्हर लागला होता. माझा शेरा त्यांना पुरेसा वाटला होता, आणि त्यांचं चुकलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

दाखला मी त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "उशीर झाला. चूक माझी आहे." फोरमनही सोबत होते. "तुह्यं ऐकाले पाहिजे होतं मले," ते म्हणाले.

त्याने कागद दोनदा वाचला.

"नोकरी तं दुसरी भेटंल, साहेब. पन पोरगी रोज विचारे, 'बाबा, तुमीनं टाकलं का?' मी नाई म्हनो, तं ती चूप राहे." त्याने कागदाची घडी खिशात ठेवली. "आता ठप्पा हाय. आता मानंल."

पुढे नोकरीत असेपर्यंत 'चौकशी सुरू' लिहायच्या आधी मी पेन खाली ठेवायचो आणि समोरच्याला पुन्हा एकदा बोलू द्यायचो. बापाच्या शब्दाला घरात ठप्पा लागावा, ही पाळी माझ्या एका ओळीने आणली होती.