शुद्ध मराठीतला पश्चात्ताप

आमच्या नाटकांत चांगली माणसं पुस्तकातल्यासारखी बोलायची आणि वाईट माणसं माझ्यासारखी. त्यामुळे दर गणपतीत खलनायकाचं काम मला ठरलेलं. मी सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला, अक्कलकोट रोडच्या एका शेडमध्ये टॉवेलच्या मागावर कामाला, आणि तोंडात कायम हाय-न्हाय. वेगळा अभिनय करायची गरजच पडायची नाही. मी नुसतं 'कोन हाय रं तितं?' म्हटलं की पुढं बसलेली पोरं आयांच्या पदरात तोंड खुपसायची. मला त्याचा रागही यायचा आणि टाळ्याही आवडायच्या.

नाटक बसवायचे ते सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत कारकून होते. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. माणूस मनाचा चांगला. उभं कसं राहायचं, श्वास कुठं घ्यायचा, हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या घरी कन्नड बोलत. मराठी त्यांनी मोठ्या कष्टानं घासूनपुसून कमावली होती, आणि कुणाचा 'ण' चुकला की त्यांचं डोकं फिरायचं.

सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे टीव्ही कुठला? वाईट माणूस सुधारलेला बघायचा तर तो गणपतीतल्या नाटकाच्या तिसऱ्या अंकातच. त्या वर्षी मी घरातला थोरला मुलगा होतो. पहिल्या अंकात धाकट्याचा वाटा गिळायचा, दुसऱ्यात आईला गाठोड्यासकट घराबाहेर काढायचं, तिसऱ्यात देवळाच्या पायरीवर तिचे पाय धरायचे. तिथं मास्तरांनी मला पानभर भाषण लिहून दिलं. 'माते, माझ्या अंतःकरणातील अंधकार आज नष्ट झाला आहे,' इथून सुरुवात आणि 'मला क्षमा कर' इथं शेवट. मी विचारलं, दोन अंक हाय-न्हाय करणारा माणूस एकाएकी असा कसा बोलायला लागला?

"अरे, तो सुधारलाय आता," मास्तर म्हणाले. "माणूस सुधारला की भाषाही सुधारते."

हे वाक्य मला जे लागलं ते आजही लागतं. म्हणजे माझी आई, माझे मामा, आमचं अख्खं गाव अजून सुधारायचंच राहिलंय. मी म्हटलं, मग पाय धरणारा हा कुणी दुसराच. ज्यानं आईला हाकललं तो सुटलाच की. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, जमत नसेल तर काम दुसऱ्याला देतो. मी भाषणाचा कागद खिशात घातला. ते काम माझ्या हातून जाऊन चालणार नव्हतं.

कारण माझी आई. वडील गेल्यावर ती गावाकडे एकटीच राहायची आणि मला तिला शुक्रवार पेठेतल्या माझ्या खोलीवर आणायचं होतं. पण आमच्या गावचा एक जण आमची तालीम बघून गेला आणि तिला सांगून बसला की तुमचा लेक सोलापुरात चारचौघांत आईला घराबाहेर काढतोय. नाटक आहे हे तिला कळत होतं. पण "खोटं का हुईना, तोंडातनं तसं निगालंच की," असं म्हणून ती हटून बसली. असं बोलणाऱ्याच्या घरी ती पाऊल टाकणार नव्हती. शेवटी मी विनवलं, एकदा नाटक शेवटपर्यंत बघ, शेवटी मी आईचे पाय धरतो, मग काय ते ठरव. ती आली, पण नाटक संपलं की संध्याकाळच्या एस.टी.नं परत, या अटीवर.

खेळ सुट्टीच्या दिवशी दुपारी, शेडच्या आवारात होता. आई अगदी पुढं चादरीवर बसली, मांडीवर तिचं गाठोडं. दुसऱ्या अंकात मी नाटकातल्या आईला दंडाला धरून बाहेर काढलं, तेव्हा माझी आई खाली मान घालून चादरीचे दोरे उपसत होती. मला वरून सगळं दिसत होतं.

तिसरा अंक लागला. नाटकातली आई म्हणजे आमच्याच शेडमध्ये मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी एक बाई. तिच्या घरी तेलुगू. मास्तरांची मराठी तिनं घोकून घोकून पाठ केली होती, आणि 'क्षमा कर' कानावर पडलं की 'ऊठ बाळा' सुरू करायचं, एवढी खूणगाठ बांधून ठेवली होती. मी तिचे पाय धरले. भाषण मला अक्षर न् अक्षर येत होतं. पण समोर माझी आई बसली होती, आणि त्यातलं काहीही तिच्यापर्यंत पोचलं नसतं. माते अशी हाक मी तिला जन्मात मारली नव्हती.

"आये," मी म्हटलं, "म्याच तुला भाईर काडलं. व्हय, म्याच. आता चल घरला."

पानभर भाषणाचं एवढंच झालं. विंगेतून मास्तर 'माते, माते' कुजबुजत होते. कांड्यावाली 'क्षमा कर'ची वाट बघत तशीच उभी. लोकांना वाटलं, आईचा राग काही जात नाही. मीही पाय सोडले नाहीत.

तेवढ्यात पुढून माझ्या आईचा आवाज आला. "जा की गं बाई. व्हय म्हंतोय नव्हं का पोरगं."

कांड्यावालीनं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि 'ऊठ बाळा' तसंच सोडून गाठोडं उचलून माझ्याबरोबर चालू लागली. तसल्या टाळ्या मला त्याआधी कधी मिळाल्या नव्हत्या.

आत मास्तर माझी वाट बघत उभे होते. हे मुद्दाम केलंस का, एवढंच त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. "म्याच केलं."

या वेळी मात्र मी कुणाचे पाय धरले नाहीत. पुढच्या वर्षी तुला काम नाही, ते म्हणाले. नको, मी म्हटलं. आणि खरोखरच मला पुन्हा कधी काम मिळालं नाही. पुढं सोलापुरात टीव्ही आला, मालिका आल्या, शेवटच्या भागात सुधारणारे खलनायक मी पोटभर बघितले. सगळे सुधारले की शुद्ध बोलायला लागतात. मी अजूनही टीव्हीपुढं बसून त्यांना शिव्या घालतो, आणि घालणार.

त्या दिवशी तोंडावरचा रंग न पुसताच मी बाहेर आलो. एस.टी.ची वेळ होत आली होती. आई आवाराच्या फाटकाशी उभी होती. मी म्हटलं, चल, स्टँडवर सोडतो. तिनं गाठोडं माझ्या हातात दिलं.

"स्टँड ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुजी खोली कुटं हाय?"