फाटकापाशी कुणी नव्हतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना तर नाहीच. आत्ता तुम्हाला सांगतानाही माझं लक्ष दाराकडे आहे — कुणी ऐकत तर नाही ना?

आमचं गाव मिरजगावच्या पुढे, रस्त्यापासून आत. नवरा नगरला एमआयडीसीत कामाला, सावेडीत खोली घेऊन राहायचा. मी दोन मुलांना घेऊन गावी, सासरे आणि थोरल्या दिरांच्या घरात. मला सावेडीला जायचं होतं. का? स्वतःची चूल हवी होती, एवढंच. पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

मुलगी पाचवीत जायची झाली तेव्हा नवरा म्हणाला, दोन्हीकडच्या शाळा तूच बघून ये. गावची बरी निघाली तर तुम्ही गावातच राहायचं. मी बघितल्या. सावेडीच्या शाळेत एका बाकावर चार-चार मुलं दाटीनं बसलेली, आणि माझ्याशी बोलायला कुणाला सवड नव्हती. गावच्या हायस्कूलात हेडमास्तरांनी स्वतः फिरवून दाखवलं. विज्ञानाच्या बाई मुलींना पटांगणात नेऊन भिंगानं कागद पेटवून दाखवत होत्या. त्यात माझी पुतणी, थोरल्या दिरांची अश्विनी होती, आठवीतली. मला बघून तिनं हात केला.

संध्याकाळी नवरा गावी आला होता; सगळे जेवायला बसले तेव्हा मी म्हणाले की गावची शाळा मुलींसाठी बरी नाही. फाटकापाशी मोठी पोरं उभी असतात, पोरींची वाट अडवतात, मास्तर तिकडं बघतसुद्धा नाहीत.

असं काहीही नव्हतं. फाटकापाशी कुणी नव्हतं.

मला वाटलं, हे नवऱ्याच्या कानावर पडलं की झालं. पण पंगतीत थोरले दीरही होते — हे मला सुचलं कसं नाही? की सुचलं होतं? त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी अश्विनीला त्यांनी शाळेत पाठवलं नाही. मोठ्या जाऊबाईंनी मला गोठ्याकडे गाठलं.

"पोरगी रडतीया. म्हनती, असलं काय न्हाई तितं. तू सोताच्या डोळ्यानं बघितलंस का?"

तेव्हा बोलता आलं असतं. पण भीती वाटली — सासऱ्यांची, नवऱ्याची, हातची सावेडी जाईल याची.

"बघितलं," मी म्हणाले.

आम्ही सावेडीला आलो. माझी दोन्ही मुलं शिकली. अश्विनी पुन्हा शाळेत गेली नाही. अठरा भरताच तिचं लग्न लावून दिलं, शेजारच्याच गावात. गावाकडचा फोन वाजला की अजून मी तो दुसऱ्या कुणाला उचलू देत नाही. आज कुणी सांगितलं असेल का? आज विचारतील का?

गेल्या उन्हाळ्यात अश्विनी आमच्याकडे सावेडीला आली, लेकीला घेऊन. लेक पाचवीत जायची. म्हणाली, काकू, तुमी दोन्ही शाळा बघितल्यात, हिला गावात घालू का इथं? मी म्हणाले, गावच्याच हायस्कूलात घाल, चांगलं आहे. एवढं तरी खरं बोलले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली,

"म्हंजी माझ्याच टायमाला वाईट हुतं व्हय?"

मी हो म्हणाले.