गवताच्या गाडीला बसलेला धक्का

पालघरात तेव्हा स्वतः मोटार चालवणारी बाई मी एकटीच होते. मी बाळंतपणं करणारी डॉक्टर. बोईसर-तारापूरकडच्या गावांतून बोलावणी यायची, आणि टांगा पोचेपर्यंत मूल काही थांबत नाही. म्हणून मुंबईच्या एका डॉक्टरांची जुनी मोटार विकत घेतली आणि दोन महिन्यांत चालवायला शिकले. तारापूरला वीजकेंद्राचं काम सुरू झालं होतं, रस्त्यावर खडी-सिमेंटचे ट्रक वाढले होते. त्यांच्यातून वाट काढत मी गाडी चांगली चालवायचे. हे सांगायला मला तेव्हाही कुणाचा दाखला लागत नव्हता.

तरीही एका सकाळी बेटेगावजवळ माझ्या हातून चूक झाली. पुढे गवताने लादलेली बैलगाडी चालली होती. तिला ओलांडून जायला मी मोटार बाहेर काढली, तेवढ्यात समोरून ट्रक आला. मी घाईने आत घेतली आणि मोटारीचा डावा कोपरा बैलगाडीच्या चाकावर बसला. चाकाचे दोन आरे मोडले, माझा दिवा फुटला, पत्रा आत गेला. उजवा बैल गुडघ्यांवर बसला आणि लगेच उठला.

गाडीवान बेटेगावचाच, साठीचा माणूस. मी त्याचे हात, खांदे, मान तपासली. खरचटलंसुद्धा नव्हतं.

"काय नाय झालं, बाय," तो म्हणाला. "मी उभा हाय, बैल उभा हाय. चाकाचं तेवढं बगा."

चाक मी सुताराकडून नीट करून दिलं. मोटारीचा पत्रा पालघरच्या मेकॅनिकने ठोकून सरळ केला. सगळा खर्च मीच केला.

त्याच आठवड्यात मी विम्याचे कागद काढून पहिल्यांदा नीट वाचले. त्यात एक अट होती: अपघात कितीही लहान असो, भरपाई मागायची असो वा नसो, कंपनीला लेखी कळवावं. विमा उतरवून देणारे एजंट आमच्या पलीकडच्या गल्लीतच राहायचे. सज्जन गृहस्थ. त्यांना विचारलं तर ते हसले. अशा गोष्टी कोणीच कळवत नाही, म्हणाले. नावापुढे शेरा पडतो, पुढच्या वर्षी हप्त्यातली सवलत मागेपुढे होते, हवंय कशाला?

"तुम्ही खर्च केलात, विषय संपला," ते म्हणाले. "कंपनीला कशाला जागं करता?"

मी त्यांना सांगितलं, "माझ्याकडे बायका येतात. मध्ये कधी पडलात का, म्हणून विचारलं तर नाही म्हणतात. मग चौथ्या खेपेला सांगतात, पडले होते, पण किरकोळ होतं. किरकोळ कुठलं ते मी ठरवायचं असतं, त्यांनी नाही. इथे ते कंपनी ठरवेल."

मी पत्र लिहिलं. जागा, वेळ, ट्रक कुठून आला, मी काय चुकले, काय मोडलं, बैल कसा बसला आणि उठला. सोबत रस्त्याचा नकाशा काढला. मला पैसे नकोत, ही केवळ माहिती आहे, हे वाक्य अधोरेखित केलं. दोन ओळींचं उत्तर आलं: नोंद घेतली आहे.

दीड महिन्याने तो गाडीवान दवाखान्यात आला. बायकांच्या रांगेत सगळ्यांत शेवटी बसून राहिला. त्याची पाळी आल्यावर कळलं, की त्या दिवसानंतर बैल लंगडायला लागला होता. बरा होईल म्हणून त्याने वाट पाहिली. आता गुरांचे डॉक्टर म्हणत होते, खांदा गेला, हा पुन्हा गाडी ओढणार नाही. तारापूरला कामावर असलेला जावई पोलिसांत जा म्हणत होता.

"मी नाय गेलो," तो खाली बघत म्हणाला. "आदी तुमाला सांगतो."

त्याच दुपारी त्याला मोटारीत घालून मी बेटेगावला गेले. बैल आंब्याखाली तीन पायांवर भार देऊन उभा होता. मी माणसांची डॉक्टर, पण सुकलेला स्नायू मला कळतो. उजव्या खांद्यावरचं मांस उतरलं होतं. त्या सकाळी माणूस तपासला, चाक करून दिलं आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले. बैलाला हातसुद्धा लावला नव्हता.

कंपनीला दुसरं पत्र गेलं. मुंबईहून एक अधिकारी आले, फायलीत माझं पहिलं पत्र घेऊन. त्यांनी गाडीवानाला विचारलं, सुताराला विचारलं, बैल पाहिला. एजंटही बरोबर होते. परत निघताना अधिकाऱ्यांनी पत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"उजवा बैल बसला, हे तुम्ही त्याच आठवड्यात लिहिलंत," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा ऐकलं असतं, तर हा बैल तुमच्याच गाडीने लंगडा झाला हे मी मानलं नसतं."

गाडीवानाला बैलाची पुरी किंमत मिळाली. लंगडा बैल त्याने विकला नाही, आंब्याखालीच ठेवला. माझी सवलत त्या वर्षी गेली. त्याचं मला काही वाटलं नाही. चूक माझीच होती. एजंटांनी मात्र माझ्याकडून त्या पहिल्या पत्राची नक्कल मागून घेतली. पुढे ती ते नव्या गिऱ्हाइकांना दाखवत, असं कानावर आलं.

मोटार माझ्याकडे होती तोवर मी सगळं कळवत राहिले. एकदा मागे घेताना दवाखान्याच्या फाटकाला घासून रंग उडाला, तेही लिहिलं. कंपनीतल्या कुणा कारकुनाने उत्तर पाठवलं: नोंद घेतली आहे, फाटक रुंद करता आल्यास पाहावे. मी फाटक केलं रुंद.