अंगठ्याशेजारची सही

“तुमचं नाव काय?”

माझ्या पोटची मुलगी मला विचारत होती. सात-आठ पोरापोरींसमोर. अहोजाहो करत.

पुंडलिकनगरात एका मॅडमच्या घरी मी सहा वर्षं धुणीभांडी करते. मॅडम विद्यापीठात समाजशास्त्र शिकवतात. माझी लेक त्यांच्याच वर्गात एम.ए. करते. मॅडमना हे माहीत नव्हतं. त्या मला मावशी म्हणतात. आडनाव कधी विचारलं नाही. लेकीनं मला शपथ घातली होती, “आई, तिथं वळख देऊ नको. पोरी हसतील.” मी व्हय म्हणाले होते.

त्या रविवारी मॅडमनी पोरांना घरी बोलावलं. मुलाखत कशी घ्यायची ते शिकवायला. मी कढई घासत होते.

“मावशी, हात पुसून या जरा. लाजू नका, आपलीच मुलं आहेत.”

सगळे सोफ्यावर, खुर्च्यांवर. मी फरशीवर बसले. सवयीनं. मॅडमनी नेमकं माझ्या लेकीकडं बोट केलं. “तू विचार.”

तिनं फॉर्म टीपॉयवर ठेवून नाव विचारलं. मी नुसतं पहिलं नाव सांगितलं.

“मुलं किती?”

“एक मुलगी.”

“काय करते?”

काय सांगू? “शिकती,” म्हणाले. ती मान वर न करता लिहीत होती.

“शिक्षण?”

मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, “निरक्षर लिही. पुढं चल.”

पेन थांबलं. मला वाटलं, आता ही बोलंल. कन्नड तालुक्यातल्या खेड्यात मी चौथी पास झाले. हिला बाराखडी मीच शिकवली, चुलीपुढच्या राखेत बोट धरून. हे तिला माहीत होतं. पेन पुन्हा चाललं. माझ्या बाजूनं अक्षरं उलटी होती, तरी वाचता आली. निरक्षर.

शेवटी खाली सही लागत होती. मॅडमनी न विचारताच शाईचं पॅड आणलं. एक पोरगा म्हणाला, “मावशी, हळू दाबा, भांडं नाय ते, कागद हाय.” सगळे हसले. माझी लेकही हसली. थोडीशी.

सही केली असती तर आडनाव आलं असतं. तेच आडनाव वर्गात रोज पुकारतात. मी अंगठा दिला. मग परत कढईपाशी गेले. शाई निघेना.

संध्याकाळी लेक फॉर्म घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी जमा करायचा होता. जेवताना म्हणाली, “मार्क मॅडमच्या हातात हायेत, आई. मी काय करू?”

खरं होतं. तिच्या हातात काही नव्हतं. माझ्याही.

ती हात धुवायला उठली. मी तिचंच पेन घेतलं. निरक्षर खोडलं. वर लिहिलं, चौथी पास. ‘शिकती’च्या पुढं लिहिलं, याच वर्गात. अंगठ्याशेजारी सही केली. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव.

“आई! काय केलंस हे? आता समद्यांना कळंल.”

“कळू दे.”

ती रडली. मी जवळ घेतलं नाही.

तिनं तो फॉर्म दिला, की फाडून दुसरा भरला, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मॅडमकडं अजून जाते, फरशी पुसते. घर चालवायचं आहे. पण आता अंगठा देणार नाही. मॅडमनी मागितला तरी नाही. लेकीसाठीसुद्धा नाही.