डॉक्टरांचं अक्षर

कोठडीतल्या माणसांना तपासून दाखला देणारे ते डॉक्टर स्वतःच्या भित्रेपणावर मोकळेपणाने हसत. "माझ्या पाठीला कणा आहे हे फक्त एक्स-रेत दिसतं," असं कुणालाही सांगत. पण त्यांना एक युक्ती सापडली होती. समोर आणलेल्या माणसाच्या तळपायांवर वळ असले, तर ते ‘वळ’ असंच लिहीत. खोटं अवाक्षर नाही. फक्त इतकं गिचमिड लिहीत, की फौजदार कागद उभा-आडवा धरून बघायचा आणि "ठीक आहे ना सगळं?" म्हणत घडी घालायचा. डॉक्टर मान हलवायचे, तीही नक्की होकाराची की नकाराची ते कळू नये अशी.

त्यांची लेक कॉलेजात नीतिशास्त्र शिकवायची. एका सकाळी चहा घेताना तिने वर्गातला पेच बापापुढे टाकला. एकाचा छळ करून शंभर जण वाचणार असतील तर? एक पंथ म्हणतो, परिणाम बघा. दुसरा म्हणतो, माणसाला साधन म्हणून वापरायचं नाही म्हणजे नाही, मग शंभर असोत की हजार. तिसरा विचारतो, असलं काम करता करता तुम्ही स्वतः कोण होऊन बसता?

डॉक्टर खुशीत आले. "मी तिघांनाही सांभाळलंय बघ. परिणाम चांगला, कारण फौजदार चिडत नाही. नियम पाळला, कारण खरं तेच लिहिलं. आणि माणूस म्हणशील, तर मला झोप झकास लागते."

"पण बाबा, तो कागद आजवर कुणाला वाचता आलाय?"

डॉक्टरांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि तुटून पडेपर्यंत तिथेच धरून ठेवलं.

त्याच महिन्यात कोर्टाचं बोलावणं आलं. एका वेल्डरने कोठडीत चोरी कबूल केली होती. आता तो म्हणत होता, मारून वदवून घेतलं. सगळी भिस्त डॉक्टरांच्या दाखल्यावर, आणि ते अक्षर ना वकिलाला लागत होतं ना कारकुनाला. न्यायाधीशबाईंनी चष्मा पुसून पाहिला, मग कागद डॉक्टरांच्याच हातात दिला. "तुमचं तुम्हीच वाचा."

समोर फौजदार बसला होता. डॉक्टरांनी काहीही वाचलं असतं, तरी खपून गेलं असतं. वेल्डर तर त्यांच्याकडे बघतही नव्हता. त्याला त्यांच्याकडून कसली आशाच नव्हती, आणि हेच डॉक्टरांना झोंबलं. फौजदाराकडे न बघता त्यांनी वाचलं, "दोन्ही तळपायांवर वळ. ताजे. दांडक्याच्या माराचे."

फौजदाराचं तोंड उतरलं. पायऱ्या उतरताना डॉक्टर स्वतःवर इतके खूश होते, की लेकीला हे कसं रंगवून सांगायचं याची मनात जुळवाजुळव करू लागले. तिसऱ्या पंथात आपला नंबर लागलाच, असं ते धरून चालले होते.

फाटकाशी एक म्हातारी उभी होती. मघाशी ती कोर्टात मागच्या बाकावर बसली होती. तिने पिशवीतून घड्यांवर विरलेला एक कागद काढला. तारीख सहा वर्षांपूर्वीची, खाली सही डॉक्टरांची.

"मारलं, मारलं म्हणत होता माझा मुलगा. कुणी ऐकलं नाही. अजून आत आहे. हा कागद मी पुष्कळांना दाखवला, अक्षर लागत नाही म्हणाले. तुम्ही वाचून दाखवता का?"

डॉक्टरांनी कागद हातात घेतला. त्यांना त्यातलं अक्षर न् अक्षर लागत होतं.