खंडेनवमीला विकलेला ट्रक

माझ्या जुन्या मालकानं मला तुटक्या चासीचा ट्रक विकला. तूट त्याला माहीत होती, मला नव्हती. त्या ट्रकात माझ्या बहिणीच्या नवऱ्याला शेजारी बसवून मी आंबोलीचा घाट उतरलो. हकीगत एवढीच आहे. पण आमच्याकडं ती उलटी सांगतात, म्हणून लिहायला बसलो.

मालकाला आम्ही सगळे आप्पा म्हणायचो. शिरोलीजवळ त्याचा गाड्यांचा अड्डा होता. मी तिथं गाड्या पुसायला लागलो आणि ड्रायव्हर होऊन बाहेर पडलो. जुनी गाडी पारखायची कशी, हे मला त्यानंच शिकवलं. रंग बघायचा नाही, टायर बघायचे नाहीत, मालकाच्या शपथा ऐकायच्या नाहीत. हातोडी घेऊन गाडीखाली शिरायचं. चासी म्हणजे गाडीचा कणा, दोन लांब पोलादी पट्ट्या. इंजिन, केबिन, मालाचा हौदा, सगळं त्यांच्यावर बसलेलं असतं. त्या पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत ठोकत जायचं. अखंड पोलाद घंटेसारखं लांब वाजतं. चीर असली की आवाज जागच्या जागी मरतो.

“कान हाय तोवर धंदा हाय,” आप्पा म्हणायचा. “डोळ्याला रंग फसवतो, कानाला कोण फसवणार?”

नव्वदच्या दशकात मी स्वतःची गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा माझ्या हातोडीला लोक घाबरायचे. दोन गाड्या मी नुसत्या आवाजावरून सोडल्या होत्या. एका विकणाऱ्यानं तर मला बघून गाडी पुढं काढून नेली. भाव पाडायला माझ्यासारखा चिवट माणूस नव्हता, आणि मी ते लपवतही नव्हतो. आप्पानं निरोप पाठवला, “माझी जुनी गाडी काढतोय. परक्याला देण्यापेक्षा तुला देतो. नवमीला ये.”

नवमी म्हणजे खंडेनवमी, दसऱ्याच्या आदला दिवस. गाडीवाल्यांचा तो सगळ्यात मोठा सण. अड्ड्यावर गाड्या धुऊन रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकीच्या कपाळाला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. एका पाटावर पाने, जॅक, पकडी, हातोड्या मांडलेल्या, सगळ्यांवर हळदकुंकू. त्या दिवशी हत्याराला पूजा असते आणि सुट्टी असते. साधा खिळाही कुणी ठोकत नाही. माझी हातोडी तर घरीच पाटावर होती.

गाडीचा दर्शनी थाट जुन्या गाड्यांसारखाच होता. सुताराने बांधलेली लाकडी केबिन, स्टेअरिंग असं की वळवताना छातीनं रेटावं लागायचं, इंजिन मांडीला लागून, त्यामुळं हिवाळ्यात सुख आणि उन्हाळ्यात भाजणी. अशा गाड्यांवरच मी हात बसवला होता. बघताक्षणी जीव जडला. पण मी तोंड वाकडंच ठेवलं.

“दगडाला लावली होती काय गाडी?” मी विचारलं. चंदगडच्या खाणींचा लाल दगड वाहून कितीतरी गाड्यांचे कणे मोडले होते.

“छ्या! नुसती पेंड वाहिलीया. बाळंतिणीसारखी जपलीय तिला.”

मी गाडीखाली झोपून बघितलं. चासीला नवा काळा रंग, त्यावर कुंकवाचे पट्टे ओढलेले. माझा हात आपोआप हातोडी शोधायला लागला. आप्पाला ते दिसलं.

“आरं, आज? आज हत्यार उचलतूस व्हय? उठ, परसाद घे. आज व्यवहार कर आणि उद्या सोनं लुटायच्या वेळंला गाडी दारात ने. तुझ्या आईला किती बरं वाटंल!”

मी त्या दिवशीही घासाघीस केली. तासभर केली. तो माझ्यापुढं हळूहळू वाकत गेला, आणि मी मनात फुगत गेलो. तो इतक्या सहज का वाकतोय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं लोक म्हणतात. त्यांना म्हणावं, ज्यानं तुम्हाला धंदा शिकवला त्याच्याबद्दल तुम्हाला असं वाटलं असतं का? मग विचारतात, दुसऱ्या दिवशी का नाही ठोकून बघितली? दसऱ्याला गाडी दारात आली, आईनं ओवाळली, बहिणीनं बॉनेटवर स्वस्तिक काढलं. घरात घेतलेल्या लक्ष्मीला हातोडी कोण मारतो?

बहीण धाकटी. तिचा नवरा, आमचे दाजी, तोवर हॉटेलात गल्ल्यावर बसायचे. मी त्यांना म्हटलं, चला माझ्याबरोबर, दोन वर्षांत तुमचीही गाडी करून देतो. बहीण आधी नको म्हणाली. मग म्हणाली, “दादा, तू हाईस म्हणून पाठवतीया.”

दिवाळीच्या तोंडावर गुळाचा माल मिळाला, कोकणात उतरवायचा. सकाळी आजरा सोडला. आंबोलीत पोचलो तेव्हा दिवस चांगला वर आला होता, पण धुक्यानं रस्ता दोन हातांवर संपत होता. मी पहिल्या वळणाआधी गाडी खालच्या गिअरात टाकली. दाजींनी खिडकीतून हात बाहेर काढून धुकं मुठीत धरलं.

“पावणं, पोतंभर भरून घेऊ का? वारणानगरला आमच्या आत्याला दाखवतो.”

तेवढ्यात मागून आवाज आला. कट्ट. जाड फांदी मोडल्यासारखा, एकदाच.

“गूळ सरकला,” दाजी म्हणाले.

गूळ सरकल्याचा आवाज तो नव्हता. मी आरशात बघितलं. केबिन आणि हौदा यांच्यामध्ये पंजा जाईल एवढी फट असते. ती फट वरच्या बाजूला अरुंद झाली होती. बघता बघता आणखी झाली. म्हणजे गाडी मधे वाकत होती, पाठीत.

त्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालत, आणि हवेची नळी चासीला धरून मागच्या चाकांकडं जाते. चासी वाकली की नळी ताणली जाणार. मी समोरच्या हवेच्या काट्याकडं बघितलं. काटा खाली येत होता. सावकाश, घाई न करता. मी ब्रेकवरचा पाय उचलला. दाबला की हवा संपणार, नाही दाबला तर गाडी सुटणार.

“दाजी,” मी म्हटलं. “दार उघडा आणि उडी मारा.”

“का?”

“चासी मोडलीया. मारा उडी!”

त्यांनी दार उघडलं. त्या वळणावर दरी त्यांच्याच बाजूला होती. खाली काहीच दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. कुठंतरी पाणी पडत असल्याचा आवाज. त्यांनी दार परत लावलं.

“हितनं उडी मारली तर तुझ्या बहिणीला मी सापडायचो पण न्हाई. काय धरू ते सांग.”

“हँडब्रेक. दोन्ही हातांनी. सोडू नका.”

ते दांडीवर ओणवे झाले. त्यांचं डोकं माझ्या कोपराला लागत होतं. इंजिन ओरडत होतं, गाडी पायरी पायरीनं ढकलल्यासारखी पुढं जात होती. गाडी लावायला जागा एकच, पलीकडची डोंगराकडची चर. तिथं जायचं तर समोरून येणाऱ्याच्या बाजूला घुसायचं. मी स्टेअरिंग वळवणार एवढ्यात धुक्यातून हॉर्न आला. एसटी. वर चढत येत होती. दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती, आणि तिच्यात दिवाळीला निघालेली माणसं असणार.

मी वाट बघितली. आयुष्यात मी पुष्कळ वाट बघितली आहे, गिऱ्हाइकाची, मालाची, आरटीओच्या दारात. तशी वाट पुन्हा नको. काटा तळाला टेकला. ब्रेक पायाखाली पोकळ झाला, नुसता लोखंडाचा तुकडा. मागून कण्हल्यासारखा आवाज येत होता, थांबत नव्हता. दाजी काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. नंतर कळलं, ते मला शिव्या देत होते.

एसटीचे दिवे दिसले, मोठे झाले, बाजूनं गेले. खिडकीतून एक बाई पेरू खाताना दिसली. तिचा चेहरा मला आजही आठवतो. मी सगळी छाती लावून स्टेअरिंग ओढलं. गाडी रस्ता ओलांडून चरीत उतरली, कड्याला घासली, केबिनचं लाकूड फुटलं आणि आम्ही थांबलो. मग मागं धप्प झालं. हौद्याचं सगळं वजन रस्त्यावर बसलं. गाडीची दोन माणसं झाल्यासारखी ती मधून वेगळी झाली होती.

दाजींची बोटं दांडीवरून सुटेनात. मी एकेक करून सोडवली.

नंतर मी खाली शिरलो. नवी तूट चकाकते. ही तूट काठाला तेवढी चकाकत होती, आतून जुनी, गंजानं काळी होती. वर वेल्डिंग मारलेली पट्टी, पट्टीवर रंग, रंगावर कुंकू. आणि पट्टीच्या मागं घट्ट बसलेली लाल माती. दगडाची. पेंडीला लाल माती नसते.

मी अड्ड्यावर गेलो. आप्पा चहा पीत बसला होता, भोवती ड्रायव्हर मंडळी. मी सगळं सांगितलं. त्यानं बशी खाली ठेवली.

“हातोडी तुझी, कान तुझा. वाजवून बघायची होतीस.”

“नवमीला?”

“मग दशमीला.”

सगळे हसले. मी चहाचं ताट उलथलं, त्याची गचांडी धरली. मला धरून बाहेर काढलं. त्या दिवसापासून कोल्हापुरात मी माथेफिरू आणि तो म्हातारा सोशिक.

तेही सहन केलं असतं. पण बहिणीनं वेगळाच प्रश्न विचारला. दाजींचे हात जेवताना थरथरायला लागले होते, ताटातला भात सांडायचा. तिनं ते बघितलं आणि मला म्हणाली, “दादा, तुला कळलं न्हाई असं हुईल कसं? तू तर टायरला हात लावून पंक्चर सांगतूस. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलीस, आणि माझा माणूस तिच्यात बसवलास.”

मी शपथ घेतली. ती म्हणाली, “शपथा ऐकायच्या न्हाईत, असं तूच सांगायचास.”

त्या भाऊबीजेला ती आली नाही. नंतर आली, येते, ओवाळते. पण माझ्याकडं बघत नाही, ताटाकडं बघते. दाजींनी पुन्हा ट्रकात पाय ठेवला नाही. मी पुढं गाड्या वाढवल्या, त्या दुसरे चालवतात. घाटात मी अजूनही शेजारच्या सीटवर बसतो, आणि फांदी मोडली तरी माझा पाय नसलेल्या ब्रेकवर जातो. तो मोडका ट्रक मी कुणाला विकला नाही. भंगारवाल्यासमोर उभा राहून तुकडे करून घेतले.

आप्पा, तुम्ही अजून आहात. राजारामपुरीत मुलाच्या फ्लॅटवर असता, संध्याकाळी खाली खुर्ची टाकून बसता, हे मला माहीत आहे. मला गाडी परत नको, भरपाई नको. पट्टी कुणी मारली, रंग कुणी लावला आणि व्यवहाराला नवमीच का धरली, एवढंच तुम्ही बोला. मला नका सांगू. मला माहीत आहे. माझ्या बहिणीच्या दारात या, तिच्या तोंडाकडं बघा आणि तिला सांगा.