वळणावरचा शेवटचा मासा

आजोबांना जाऊन दुसरा हिवाळा आला, तरी ओढ्याच्या त्या वळणावर ते मला दिसतात. भूतबित काही नाही, मी इंजिनियर बाई आहे, दिवसभर गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घेते. पण पुलावरून जाताना नजर तिकडे गेली की घडीची खुर्ची दिसते, खुर्चीत हिरवं जॅकेट दिसतं. दर वेळी.

आजोबा म्हणजे जर्मनीत इंगोलश्टाटबाहेरच्या आमच्या गावातले शेजारी, खालच्या मजल्यावरचे. मी त्यांना काका म्हणणार होते, पण तो शब्द इथे लहान मुलांच्या शीसाठी वापरतात, म्हणून थेट बढती देऊन आजोबा केलं. त्यांची बायको मग आपोआप आजी. जर्मनमध्ये आमचं सरळ अरे-तुरे चालायचं. मनातल्या मनात मी अहो-जाहो करायचे. मी रत्नागिरीची, नवरा पुण्याचा आणि शाकाहारी, त्यामुळे माशांच्या बाबतीत या घरात मला कोणी वाली नव्हता. तो खालच्या मजल्यावर सापडला. आजोबांनी मला मासेमारीच्या परवान्याची परीक्षा द्यायला लावली, आपल्या क्लबात नेलं, गळ बांधायला शिकवलं. गाठ सुटली की म्हणायचे, "मग, ब्रेक तरी नीट लावता ना तुम्ही इंजिनियर लोक?"

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते चार चाकांचा वॉकर घेऊन चालू लागले. ओढ्याच्या वरच्या अंगाला, झाडीत, इथला मूळचा ट्राउट मासा राहतो. अंगावर लाल ठिपके आणि स्वभावाने महा लाजरा. तिथवर पोचणं आता आजोबांच्या आवाक्याबाहेर होतं. पुलाजवळच्या वळणावर मात्र डांबरी रस्ता थेट पाण्यापर्यंत जातो, आणि तिथे रेनबो ट्राउट असायचे. कधीकाळी अमेरिकेहून आणून सोडलेले, खादाड, काहीही टाकलं तरी आ वासणारे. आजोबांचं सगळं जगणं त्या वळणावर येऊन थांबलं होतं. आजी म्हणायची, मासा मिळाला की त्या दिवशी हा चार घास नीट जेवतो.

मग क्लबात ठरलं की रेनबो काढून टाकायचे. ते इथल्या माशांची पिल्लं खातात, त्यांच्या जागा बळकावतात. मुद्दा खरा होता, मला पटलाही. सभेत परदेशातून आलेली मी एकटीच, आणि जे इथलं नाही ते काढा म्हणून हात वर करणाऱ्यांत मीही होते! आजोबांनी कुठल्याच बाजूने हात वर केला नाही. घरी येताना गाडीत म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं. पण मी आता काय धरू?" मी रेडिओचा आवाज वाढवला.

क्लबात प्रत्येकाला वर्षाकाठी काही तास अंगमेहनत करावी लागते, त्याला आर्बाइट्सडीन्स्ट म्हणतात. कधी कचरा उचलायचा, कधी काठ साफ करायचा. त्या सप्टेंबरात माझ्या वाट्याला रेनबो काढायचं काम आलं. पाठीला बॅटरी लावलेला एक माणूस पाण्यात दांडा घालून वीज सोडायचा, मासे गुंगी येऊन वर यायचे, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मी ते जाळीने उचलायचे. लाल ठिपक्यांचे निळ्या टबात. ते शुद्धीवर आले की परत पाण्यात. रेनबो काळ्या टबात, आणि तिथून डोक्यात दांडका. वळणावरचा सगळ्यात मोठा मासा माझ्याच जाळीत आला, माझ्या कोपरापर्यंत लांब. परीक्षेत शिकवलं होतं तसा एका फटक्यात मारला. तेव्हा काहीच वाटलं नाही, याची मला आज लाज वाटते.

काम आटोपून वर आले तर आजोबा पुलावर, वॉकरला टेकून उभे.

"सगळे गेले?"

"एक निसटला," मी म्हणाले. कुठून आलं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं. "सगळ्यात मोठा. मुळांखाली घुसला, सापडलाच नाही."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "हुशार दिसतोय." आणि हसले. मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू.

पुढच्याच रविवारी ते खुर्ची घेऊन वळणावर हजर. लाल ठिपकेवाल्यांवरची विणीच्या काळातली बंदी लवकर सुरू होते, रेनबो मात्र आमच्याकडे डिसेंबरपर्यंत धरता येतो, त्यामुळे नियमाचीही आडकाठी नव्हती. मी दर रविवारी चालत पुलावर जायचे आणि वरूनच हाक मारायचे, "लागला का?" ते मान हलवायचे. "आज नाही."

त्यांच्याकडे रविवारी कॉफीला जाणं मात्र मी बंद केलं. समोरासमोर बसून, आजीचा केक खात, ते खोटं निभावणं मला जमलं नसतं. पुलावरून उभ्या उभ्या जमायचं. ऑफिस, पाहुणे, डोकेदुखी, कारणांना काय तोटा!

ऑक्टोबरच्या शेवटी एकदा मी हाक मारायच्या आधीच त्यांनी बोट वर केलं. "दिसला! आत्ता पाठ दिसली त्याची." मी मारलेला मासा ते मला पाण्यात दाखवत होते. मी कठड्यावरून वाकून बघितलं, आणि खरं सांगते, मुळांपाशी काहीतरी काळं हललं. त्यानंतर मलाही तो दिसायला लागला. अंघोळ करताना, भांडी घासताना, पाण्याकडे बघितलं की डोळ्यांसमोर त्याची पाठ यायची. नवरा म्हणाला, "अगं, सांगून टाक ना एकदाचं." मी त्याच्याच अंगावर खेकसले.

नोव्हेंबरात धुकं उतरलं. आजोबा गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन बसायचे, खोकायचे. मी वरून म्हणायचे, "फार गारठा आहे, आज राहू दे." ते म्हणायचे, "तो आहे ना अजून." बोलायचं ते एकच होतं, आणि तेवढं मी बोलले नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलातून ते परत आले नाहीत.

नाताळचे दिवस सरल्यावर मी एका दुपारी आजीकडे गेले. तिने कॉफी ठेवली. कप हातात घेण्याआधीच मी म्हणाले, "आजी, मासा नव्हता तिथे. मीच मारला होता. मी त्यांच्याशी खोटं बोलले."

"त्याला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पुलावरून सगळं दिसतं, पोरी. तू मारलास तेव्हा तो तिथेच उभा होता."

"मग जायचे कशाला? एवढ्या थंडीत?"

"तू यायचीस ना रविवारी विचारायला." आजी रागावलेली नव्हती, तेच सहन होत नव्हतं. "तू आमच्याकडे येणं बंद केलंस. मग तो म्हणायचा, पुलावर तरी येते. मी घरी बसलो तर तिला कळेल की मला कळलंय, मग तेही बंद होईल."

"पण पाठ दिसली म्हणाले होते..."

"म्हणून तर त्या दिवशी तू जरा जास्त वेळ थांबलीस. घरी येऊन सांगितलं त्याने मला."

कॉफी तशीच राहिली. त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत बारा पायऱ्या आहेत. ते सगळे रविवार मी त्यांच्या दारावरूनच उतरून पुलावर गेले होते.